तूप रवाळ चालेल, रंग नको!

तूप रवाळ झालं की आजी खूश होते. रंग रवाळ झाला की मॉडेल करणारा डोक्याला हात लावून बसतो. महिनाभर खपून इंजिन, विमान नाहीतर रणगाडा बनवायचा, एकेक रेलिंग चिमट्याने चिकटवायचं, आणि शेवटी एअरब्रशने रंग मारून हात फिरवला तर काय? वॉटर पेपर! आपल्या कॉलेजच्या मॉडेल बनवणाऱ्या कंपूत या विषयावर जेवढी भांडणं होतात तेवढी सबमिशनवरूनही होत नाहीत. एक म्हणतो, प्रेशर वाढव. दुसरा म्हणतो, कमी कर. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात. कसे, तेच या लेखात सांगायचं आहे.

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. अजूनही कुणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मी मनातल्या मनात 'म्हणजे सिक्स्टी नाइन ना?' असं विचारून घेते. त्यामुळे शुद्धलेखन संपादकांवर सोडलं आहे. रंगाची जबाबदारी मात्र माझी!

एअरब्रश म्हणजे नक्की काय?

गॅरेजमधली स्प्रे गन सगळ्यांनी पाहिलेली असते. एअरब्रश हे तिचं पेनाएवढं भावंड. पुढे अगदी बारीक नोझल, बहुतेक वेळा ०.२ ते ०.५ मिलिमीटरचं. नोझलच्या आत एक सुई. सुई मागे ओढली की रंग बाहेर येतो, आणि नोझलच्या भोवतीने जोरात जाणारी हवा त्या रंगाच्या चिंधड्या उडवते. या चिंधड्या म्हणजेच रंगाचे थेंब. असे असंख्य थेंब पृष्ठभागावर जाऊन बसतात, एकमेकांत मिसळतात, पसरतात आणि सपाट होतात. मग सुकतात.

हा क्रम नीट लक्षात ठेवा: तुटणं, उडणं, बसणं, पसरणं, सुकणं. गुळगुळीत रंग हवा असेल तर गोष्टी याच क्रमाने घडल्या पाहिजेत. 'सुकणं' रांग मोडून मध्येच घुसलं, की झाला रंग रवाळ.

एवढीशी कणी, त्यात काय एवढं?

इथे स्केलचं गणित येतं. रेल्वेच्या मॉडेलमध्ये जगभर सर्वात जास्त चालणारं स्केल म्हणजे एचओ, म्हणजे १:८७. समजा, तुमच्या रंगावर ०.०५ मिलिमीटरची एक कणी आहे. डोळ्याला ती धड दिसतही नाही. पण ८७ ने गुणा. खऱ्या इंजिनावर ती झाली सव्वाचार मिलिमीटरपेक्षा मोठी, म्हणजे बारीक खडीच! कुठल्या इंजिनाला खडीचा गिलावा केलेला पाहिलाय?

रंगाच्या जाडीचंही तसंच. मोटारीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे ०.१ मिलिमीटर भरतात. तेवढाच थर १:८७ च्या मॉडेलवर दिला तर खऱ्या मापात तो पावणेनऊ मिलिमीटर जाड होतो. रिव्हेट, जाळ्या, दाराच्या फटी सगळं बुजून जातं. म्हणून 'रवाळ झालं? मार अजून एक हात' हा गॅरेजछाप उपाय आपल्या कामाचा नाही. वरच्या हाताने कणी झाकली जात नाही, उलट तिच्यावर टोपी चढते.

थेंबाचा प्रवास

आता आपल्या शाखेचं थोडं शास्त्र. थेंब जितका लहान तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त. ४० मायक्रॉनचा एक थेंब फोडून २० मायक्रॉनचे केले तर आठ होतात. रंग तेवढाच, पण एकूण पृष्ठभाग दुप्पट. त्यातून थेंब सुकायला लागणारा वेळ ढोबळ मानाने व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. व्यास निम्मा झाला की वेळ पाव होतो.

याचा अर्थ असा, की थेंब फार बारीक केले तर त्यांतला थिनर वाटेतच उडून जातो आणि मॉडेलवर जाऊन पडते ती कोरडी पूड. थेंब फार मोठे राहिले तर ते ओले पोचतात खरे, पण रंग दाट असल्यामुळे पसरत नाहीत. जिथे पडले तिथेच टेकाड करून सुकतात. पसरायला मदत करणारं बल म्हणजे सरफेस टेन्शन (आमच्या मराठी माध्यमातल्या मित्राच्या भाषेत पृष्ठताण). ते रंगाच्या ओल्या थराला सपाट ओढत असतं, पण त्याला वेळ लागतो. दाट रंग तो वेळ देत नाही.

म्हणजे खरखरीत रंगाची दोन मुख्य कारणं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर रोग वाढतो. प्रेशर वाढवलं की थेंब आणखी बारीक होतात. दाट रंगाच्या रोग्याला त्याने उतार पडेल, कोरड्या पुडीचा रोगी मात्र आणखी खंगेल. म्हणून माझा एकच आग्रह आहे: रेग्युलेटरला हात लावण्याआधी कणी ओळखा.

कणी ओळखायची कशी?

रंग पूर्ण वाळू द्या. खोलीत अंधार करा आणि टॉर्च मॉडेलवर आडवी, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा. खेडेगावच्या रस्त्यावर रात्री गाडीच्या दिव्यात प्रत्येक खड्डा दिसतो ना, तसंच. मग बोट फिरवा, आणि एक भिंग हाताशी ठेवा. चार प्रकार दिसतील.

१. पिठासारखी कणी. रंग मॅट, निस्तेज दिसतो. बोट किंवा कोरडं कापड घासलं की थोडी पूड निघून येते. कडांना, कोपऱ्यांत आणि ब्रशपासून लांब राहिलेल्या बाजूला जास्त असते. हा वाटेत सुकलेला रंग. उपाय: ब्रश जवळ आणा (५ ते १० सेंटिमीटर), प्रेशर कमी करा, थिनर वाढवा किंवा सावकाश सुकणारा थिनर वापरा, आणि हात जरा हळू फिरवा म्हणजे थर ओला बसेल. ओला म्हणजे ओघळणारा नव्हे. रंग पडल्यावर क्षणभर चमकला पाहिजे आणि मग ती चमक मावळली पाहिजे.

२. संत्र्याच्या सालीसारखी. उंचवटे गोलसर, कधी चमकदार, आणि घट्ट. घासून निघत नाहीत. रंग दाट आहे, किंवा प्रेशर इतकं कमी आहे की थेंब नीट तुटत नाहीत. उपाय: आधी रंग पातळ करा. तेवढ्याने भागलं नाही तरच प्रेशर थोडं वाढवा. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. (प्रॅक्टिकलला सर हेच ओरडून सांगतात, ते इथे उपयोगी पडतं.)

३. तुरळक, टोकदार कणी. बाकी रंग छान, पण मध्येच एखादा दाणा. भिंगातून त्याचा रंग पाहा. कणी रंगाच्याच रंगाची असेल तर ती बाटलीतून किंवा नोझलवरून आलेली आहे. बाटलीत रंगावर दुधासारखी साय धरते. ती ढवळून मोडली की तिचे तुकडे सगळीकडे होतात, म्हणून साय अख्खी उचलून टाकायची आणि रंग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्यायचा. सुती कापडातून नको, त्याचे धागे सुटतात. नोझलच्या टोकावर सुकलेला रंग हे दुसरं कारण. काम करताना दर थोड्या वेळाने थिनरमध्ये बुडवलेल्या ब्रशने टोक पुसायचं. आणि कणी वेगळ्याच रंगाची असेल तर ती हवेतून आलेली आहे. तिच्याबद्दल पुढे सांगते.

४. खालून वर आलेली. खरखर सगळीकडे सारखी नसून एखाद्या भागापुरतीच असते, आणि पहिल्या पातळ हातापासून दिसते. म्हणजे दोष रंगात नाही, खालच्या मालात आहे. थ्रीडी प्रिंटच्या रेघा, लांबी भरलेल्या जागा, सनबोर्डाच्या कापलेल्या कडा ही नेहमीची ठिकाणं. सनबोर्ड आतून फेसाळ असतो, त्यामुळे त्याची कड रंग पिऊन टाकते. तिला आधी लांबी किंवा पातळ फेविक्विक देऊन बंद करायचं, घासायचं, मग प्रायमर. आणखी एक: एनसी थिनर काही प्लास्टिकं विरघळवतो. त्याचा जाड ओला हात थेट पॉलिस्टायरीनवर दिला तर पृष्ठभागच चरतो, आणि मग कितीही रंग मारा, खरखर जात नाही.

एक पाचवा प्रकारही आहे, पण तो भांड्यातच ओळखता येतो. चुकीचा थिनर घातला की दूध फाटावं तसा रंग फाटतो. ॲक्रिलिकमध्ये टर्पेंटाइन घालून पाहा, लगेच कळेल. म्हणून नवा थिनर असेल तर आधी बाटलीच्या झाकणात चार थेंब मिसळून बघायचे. फाटलेला रंग ब्रशमध्ये घालू नये, सुई काढता काढता नाकी नऊ येतात.

पातळ म्हणजे किती पातळ?

इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं, 'दुधाइतका पातळ'. पण कुठलं दूध? आमच्याकडे म्हशीचं धारोष्ण दूध आणि हॉस्टेलच्या चहातलं दूध यांत जमीन-अस्मानाचा फरक! रंग हवा हॉस्टेलच्या बाजूला झुकणारा. काचेच्या पेल्याच्या कडेला एक थेंब लावायचा. तो झरकन खाली गेला पाहिजे आणि मागे रंगाचा पातळ पापुद्रा राहिला पाहिजे. काहीच राहिलं नाही तर फार पातळ, आणि थेंब रेंगाळला तर दाट. रंगाच्या कारखान्यांत यासाठी बी-४ नावाचा कप असतो, तळाला ठरावीक मापाचं भोक असलेला. कप रिकामा व्हायला किती सेकंद लागतात त्यावरून दाटपणा ठरतो. आपल्याला तेवढा रंग लागत नाही, त्यामुळे पेला पुरे.

प्रेशर साधारण १५ ते २० पीएसआयपासून सुरू करा. आकडा पवित्र नाही. रंग, नोझल आणि दिवस बदलला की तोही बदलतो.

शिरूर-दौंडची हवा

परदेशी पुस्तकांतले आकडे आपल्याकडे का फसतात याचं उत्तर हवेत आहे. माझं घर शिरूरचं आणि आजोळ दौंडचं. एक घोड नदीवर, एक भीमेवर, पण दोन्हीकडे पावसाची ओढच. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत आणि वर वारा. अशा हवेत थिनर पोचण्याआधीच उडतो. इंग्लंडमधल्या गॅरेजमध्ये बसून लिहिलेलं '१५ सेंटिमीटरवरून मारा' आपल्याकडे दुपारी दोन वाजता केलं तर पीठच पडणार.

आणि मला नेमका मे महिन्यातच रंग मारायचा होता. माझे मामा दौंडला लोको पायलट. त्यांच्या शाळेतल्या मास्तरांनी अर्ध्या वर्गाची लावली तशीच त्यांचीही जन्मतारीख १ जून लावलेली, त्यामुळे रिटायरमेंट ३१ मे. डिझेल इंजिनावर सहायक म्हणून त्यांची सुरुवात झाली, म्हणून आम्ही भावंडांनी ठरवलं की निरोपाला डब्ल्यूडीएम-२ चं मॉडेल द्यायचं. अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या आराखड्यावरचं हे इंजिन १९६० च्या दशकात आपल्याकडे आलं, पुढे वाराणसीला बनू लागलं आणि कितीतरी वर्षं भारतभर धावलं. खरं साधारण १७ मीटर, आमचं १:८७ मध्ये २० सेंटिमीटरच्या आसपास.

दौंडच्या माणसाला इंजिनाचं मॉडेल देणं म्हणजे सोनाराला दागिना देणं. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाल्यापासून दौंड हे जंक्शन. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे सोडवून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. आता कॉर्ड लाइनमुळे बऱ्याच गाड्यांचा तो खटाटोप वाचला आहे. पण त्या काळात दौंडच्या पोरांनी इंजिनं इतकी जवळून पाहिली, की रंगावरची एक कणी त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. मामांच्या तर नाहीच.

म्हणून खऱ्या मॉडेलला हात लावण्याआधी मी सनबोर्डाच्या पट्ट्या कापून घेतल्या. एका पट्टीवर चार चौकोन: ५, १०, १५ आणि २० सेंटिमीटरवरून मारलेले. तोच रंग, तेच प्रेशर. अशी एक पट्टी पहाटे सहाला, एक सकाळी दहाला, एक दुपारी दोनला. पाठीमागे पेन्सिलीने वेळ लिहिली. वाळल्यावर डोळे मिटून बोट फिरवलं तरी कुठली पट्टी कुठल्या वेळची ते सांगता येत होतं. पहाटेच्या पट्टीवर १० सेंटिमीटरचा चौकोन काचेसारखा. दुपारच्या पट्टीवर तोच चौकोन पिठाळ, आणि फक्त ५ सेंटिमीटरचा त्यातल्या त्यात बरा. घड्याळाशिवाय काहीच बदललेलं नव्हतं! तुम्हीही ही पट्टी करून पाहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ते तुमच्या गावचं, तुमच्या रंगाचं कोष्टक होतं. कुठल्याही पुस्तकात ते मिळणार नाही.

त्यावरून आमच्या भागासाठी निघालेले नियम असे:

- उन्हाळ्यात रंगकाम पहाटे सहा ते आठ. तेव्हा वाराही पडलेला असतो.
- नाइलाजाने दुपारी मारायचा झाला तर जवळून, कमी प्रेशरने, आणि थिनरमध्ये थोडा रिटार्डर घालून. एनॅमल रंग टर्पेंटाइनमध्ये सावकाश सुकतो, त्यामुळे उन्हाळ्यात तो जास्त सांभाळून घेतो. मात्र पूर्ण वाळायला दिवस घेतो, तोवर धुळीपासून झाकून ठेवावा लागतो.
- पावसाळ्यात गणित उलटं. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि लॅकर पांढुरका पडतो. मुसळधार पावसात लॅकर मारूच नये.

हवेतून येणारे पाहुणे

तिसऱ्या प्रकारातली परकी कणी आमच्याकडे खास आहे. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं भरपूर, दोन्ही तालुक्यांत ऊस भरपूर. तोडणी झाली की शेतात पाचट पेटवतात आणि त्याची काळी राख तरंगत घरात येते. वाळत घातलेले कपडे यातून सुटत नाहीत, तिथे ओला रंग कुठून सुटणार? भिंगाखाली काळी, चपटी, बोटाने चुरडली जाणारी कणी दिसली की समजायचं, ही पाचटाची.

यावर उपाय आजीचाच आहे: सडा! रंग मारण्याआधी खोलीत पाणी शिंपडायचं, दारं-खिडक्या लावून पंखा बंद करायचा, अर्धा तास काहीही हलवायचं नाही. धूळ खाली बसते, ओल्या फरशीला चिकटते. मोटारींच्या पेंट शॉपमध्येही धूळ आणि उडालेला रंग धरायला पाणी वापरतात. तिथे रंगाआधी मोटारीवरून शहामृगाच्या किंवा ईमूच्या पिसांचे रोलर फिरवतात, बारीक धूळ टिपून घ्यायला. आपल्याकडे मऊ मेकअप ब्रश चालतो. (आधी बहिणीची परवानगी घ्या.) रंग मारून झाल्यावर मॉडेलवर रिकामा डबा उपडा घालायचा, पण डबाही आतून पुसलेला हवा.

कॉम्प्रेसर, व्होल्टेज आणि स्टेपनी

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर टॉर्क साधारण ६० टक्क्यांवर येतो. छोटा, टाकी नसलेला कॉम्प्रेसर मग धापा टाकतो. हवा धक्क्याधक्क्याने येते, थेंब कधी बारीक कधी मोठे, आणि एकाच पट्ट्यात पीठ आणि संत्रं दोन्ही! टाकी असलेला कॉम्प्रेसर घ्या. तो नसेल तर जुनी युक्ती आहे: गाडीची स्टेपनी. पंक्चरवाल्याकडून हवा भरून आणायची आणि रेग्युलेटर लावून ती एअरब्रशला जोडायची. लाईट गेली तरी काम चालू, आवाज शून्य. छोट्या कामाला पुरते.

हवेतल्या पाण्याबद्दल मामा बोलले ते पक्कं लक्षात राहिलं. इंजिनात ब्रेकसाठी दाबाखालची हवा असते, ब्रेक पाइपमध्ये ५ किलो दाबाची. त्या टाक्यांत पाणी साठतं आणि ते सोडून द्यावं लागतं. मामा म्हणाले, "हवा दाबली की पाणी सोडणारच. तू काढलं नाहीस तर ते स्वतःहून नको तिथे निघेल." आपल्याकडे 'नको तिथे' म्हणजे मॉडेलच्या ऐन दर्शनी भागावर! रोज टाकीचा खालचा कॉक उघडून पाणी सोडा आणि नळीवर मॉइश्चर ट्रॅप लावा.

कोपऱ्यांचा त्रास

इंजिनाची केबिन आणि लांब हूड जिथे मिळतात तिथे आतला कोपरा तयार होतो. तिथे हवा आपटून माघारी फिरते, थेंब घिरट्या घालतात, सुकतात आणि मग बसतात. म्हणून आधी कोपरे मारायचे, कमी प्रेशरने आणि जवळून, आणि मग सपाट भाग. उलटं केलं तर कोपऱ्यातून उडालेली पूड आधीच्या गुळगुळीत भागावर पडते. इंजिनाला नंबर लावायचा असेल तर हे फारच महत्त्वाचं. रवाळ रंगावर डीकल लावला की खाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी डाग दिसतात.

झालंच रवाळ, तर?

घाबरू नका. पीठ असेल तर कोरड्या मऊ कापडाने पुसा, मग १५०० किंवा २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून अगदी हलक्या हाताने फिरवा, धुवा, वाळवा आणि एक ओला हात द्या. संत्र्याची साल असेल तर १००० नंबरपासून सुरुवात. ओल्या रंगावर कणी पडली तर बोट लावू नका. बोटाचा डाग कणीपेक्षा मोठा होतो. वाळू द्या, मग घासा.

पावडर कोटिंगवाले मग काय करतात?

हा प्रश्न व्हायवाला येऊ शकतो! रांजणगाव एमआयडीसीच्या बाजूने जाताना हा प्रश्न मला पडला होता. लोखंडी कपाटं, पंख्यांचे भाग यांवर पावडर कोटिंग असतं. म्हणजे तिथे रंग मुद्दामच कोरडा, पूड करून उडवतात. मग ते रवाळ का होत नाही? कारण नंतर तो माल भट्टीत जातो, साधारण १८०-२०० अंशांना. पूड वितळते, पसरते, सपाट होते आणि घट्ट बसते. म्हणजे 'पसरणं' चुकलेलं नाही, फक्त भट्टीत ढकललेलं आहे. आपल्या सनबोर्डाला भट्टी दाखवली तर इंजिनाचा पापड होईल. आपल्याकडे दुसरी संधी नाही, म्हणून आपला थेंब ओलाच पोचला पाहिजे.

आणि शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं

मॉडेलवर जी पूड बसते ती सगळी पूड नसते. उरलेली हवेत तरंगते, आणि खोलीत श्वास घेणारे आपणच असतो. सर्वात बारीक कण थेट फुप्फुसात खोलवर जातात. शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर तोंडाला नुसता रुमाल बांधून ट्रकचे हौदे रंगवणारे पेंटर आपण रोज पाहतो. रुमाल कणांना धड अडवत नाही आणि थिनरच्या वाफेला तर अजिबातच नाही. त्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बनचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. हार्डनर मिसळून वापरायच्या टू-के रंगांत आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. घरी ते रंग नकोतच. थिनरची वाफ पेट घेते, त्यामुळे जवळ गॅस, उदबत्ती, ठिणगी काहीही नको. काम झालं की खिडक्या सताड उघडा. मॉडेल डब्याखाली झाकलेलं आहे, आता धूळ आली तरी चालेल.

आमचं इंजिन ३१ मेला वेळेवर दौंडला पोचलं. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, हुडावरून बोट फिरवलं आणि काहीही न बोलता हॉर्नची जागा बरोबर आहे का ते बघू लागले. रंगाबद्दल एक शब्द नाही. रंगाची पावती यापेक्षा वेगळी नसते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी रंग रवाळ झाला की रेग्युलेटरकडे धावू नका. टॉर्च घ्या, भिंग घ्या, बोट फिरवा, आणि पीठ की संत्रं, आपलं की परकं, वरचं की खालचं, एवढं विचारा. अर्धं औषध त्या उत्तरातच आहे. उरलेलं अर्धं, पहाटेचा गजर!